धुऱ्यावरची भिंत आणि किराण्याचा गल्ला

आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे शेत तोडून पाडलेल्या प्लॉटांच्या वस्तीच्या, नकाशात मधला रस्ता नऊ मीटरचा दाखवलाय आणि त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला एक बाण काढलाय. बाणाशेजारी काहीच लिहिलेलं नाही. पण ज्यांनी ज्यांनी तो नकाशा पाहून प्लॉट घेतला, त्या सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच लावला, की रस्ता पुढे जाणार. दुकानवाल्या काकांनीही तोच लावला. त्यांनी टोकाचा कॉर्नर प्लॉट घेतला, कॉर्नरचे म्हणून जास्तीचे पैसे मोजले, खाली किराण्याचं दुकान काढलं आणि वर राहायला गेले. रस्ता काही पुढे गेला नाही. काही वर्षांनी बाणाच्या टोकावर, काकांच्या शटरपासून वीसेक पावलांवर, पलीकडच्या ले-आऊटवाल्यांनी डोक्याएवढी विटांची भिंत घातली.

ही हकिगत दक्षिण नागपुरातली, मानेवाडा-बेसा रोड आणि हुडकेश्वर रोड यांच्या मधल्या पट्ट्यातली. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्लॉटचे नकाशे काढतो आणि संध्याकाळी दूध आणायला काकांकडे जातो. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्या भिंतीला भगदाड पडलं, नोव्हेंबरात ते बुजवलं गेलं आणि पुढे अर्धवट पुन्हा उघडलं. या सगळ्या काळात काकांच्या गल्ल्यात काय फरक पडत गेला ते मी रोज पाहत होतो, जमेल तेवढं मोजतही होतो. रस्ते एकमेकांना कसे जोडलेत यावर आजूबाजूच्या लोकांचा खर्च कुठे होतो हे ठरतं, असं शहररचनेतली माणसं सांगतात. इथे ते एका दुकानाच्या वहीत दिसलं.

धुरा

विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच धुऱ्यावरून शहराचे रस्ते कुठे संपणार हेही ठरून जातं, हे मात्र घर बांधून झाल्यावरच कळतं.

नागपूर या बाजूला वाढलं ते खसऱ्या-खसऱ्याने, म्हणजे एकेका शेताच्या तुकड्याने. एकाने आपलं शेत गृहनिर्माण सोसायटीला विकलं, सोसायटीने त्यात बसतील तेवढे प्लॉट पाडले, मध्ये एक रस्ता घेतला, त्याला काटकोनात गल्ल्या. शेजारचं शेत चार-सहा वर्षांनी दुसऱ्या सोसायटीने घेतलं. तिने आपल्या प्लॉटच्या हिशेबाने आपला रस्ता टाकला. दोन्ही रस्ते एका रेषेत यावेत अशी कोणाचीच गरज नव्हती, कारण प्लॉट तर दोघांचेही विकले जात होते. आमचा रस्ता आणि पलीकडचा रस्ता यांच्यात चौदा-पंधरा फुटांचा फरक पडला. त्यामुळे आमच्या बाणासमोर आला त्यांच्या एका प्लॉटचा कोपरा. तो प्लॉट रिकामा होता, अजूनही आहे.

'५७२ ले-आऊट' आणि '१९०० ले-आऊट' हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा प्लॉटवाला नागपुरात मिळणं कठीण. नागपूर सुधार प्रन्यासने नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत ले-आऊटची ही नावं. शहरात ती जवळजवळ जातीच्या दाखल्यासारखी वापरली जातात. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर लोकांनी रांगा लावून डिमांड नोट, म्हणजे मागितलेली रक्कम, भरल्या आणि आरएल, म्हणजे नियमित केल्याचं पत्र, मिळवले. आमच्या सोसायटीची फाइल मी पाहिली आहे. तिच्यात रस्त्याची रुंदी आहे, मोकळ्या मैदानाची जागा आहे, नालीचा उतार आहे. आपला रस्ता शेजारच्या रस्त्याला कुठे जुळतो, हा प्रश्न त्या अख्ख्या फाइलीत कुठेच नाही.

याची तुलना जुन्या नागपूरशी करून पाहा. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी, शनिवारी. वस्त्यांची नावंच वारांची. तिथल्या गल्ल्या वाकड्या आहेत, अरुंद आहेत, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावं लागतं. पण बंद गल्ली क्वचित. रेशीम ओळीत शिरलेला माणूस लोहा ओळीत निघतो, तिथून सराफ्यात, तिथून तीन नल चौकात, आणि दर वळणावर त्याच्यापुढे निदान दोन वाटा असतात. ज्या कामाला गेला ते एक काम, आणि हातात पिशव्या तीन. बर्डीची, म्हणजे सीताबर्डी बाजाराची, मेन रोडही तशीच. तिला मोठी करणारी गोष्ट तिची स्वतःची रुंदी नाही, तिच्या अंगाला येऊन मिळणाऱ्या, मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्या आहेत. सेंट्रल एव्हेन्यू याच्या उलट. वस्ती कापून काढलेला सरळ, रुंद रस्ता, आता वरून मेट्रोही धावते. वाहनं तिथे बेसुमार, पण या फुटपाथवरून त्या फुटपाथवरच्या दुकानात सहज म्हणून कोणी जात नाही. धरमपेठ या दोन्हींच्या अधलीमधली. चौकोनी आखणी, छोटे छोटे ब्लॉक, दर थोड्या अंतरावर चौक. गोकुळपेठेत भाजी घ्यायला चार वाटांनी जाता येतं आणि पाचव्या वाटेने परतता येतं.

आमच्या ले-आऊटचा आकार कंगव्यासारखा. एक पाठ, तिला सहा दात. सहाही दात बंद, आणि पाठीचं एक टोकही बंद. काकांचं दुकान त्या बंद टोकावर.

शून्य

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून रस्त्यांच्या जाळ्यावर काम केलं. १९९३ मध्ये त्यांनी एक मुद्दा मांडला, त्याचा मराठीत 'नैसर्गिक वर्दळ' असा उल्लेख करायला हरकत नाही. माणसं दुकानाकडे ओढली जातात हे खरंच, पण त्याच्याही आधी एक गोष्ट घडते: कोणत्या रस्त्यावरून किती माणसं जाणार हे बऱ्याच अंशी रस्त्यांच्या जुळणीवरच ठरतं. दुकानं त्या वर्दळीच्या जागी येऊन बसतात, मग दुकानांमुळे वर्दळ आणखी वाढते. त्याआधीचे सिद्धांत अंतर आणि आकारावर भर देत. १९३१ मध्ये विल्यम रायलीने दोन शहरं मधल्या गावाचा व्यापार कसा वाटून घेतात याचं सूत्र न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर मांडलं, आणि १९६४ मध्ये डेव्हिड हफने एकेका दुकानाकडे गिऱ्हाईक जाण्याची शक्यता त्याच धर्तीवर काढून दाखवली. दुकान जितकं मोठं तितकी ओढ जास्त, जितकं दूर तितकी कमी.

हे सगळे मला आवडतात, पण काकांच्या बाबतीत खरा उजेड पडतो तो जाळ्याच्या साध्या गणिताने. वस्तीतल्या कोणत्याही दोन घरांमधली सगळ्यात जवळची वाट काढायची. अशा सगळ्या वाटा काढल्या की मोजायचं, आपल्या दुकानासमोरून त्यातल्या किती गेल्या. बंद टोकावरच्या दुकानाचं उत्तर नेहमी शून्य येतं. वस्ती लहान असो की मोठी, लोक गरीब असोत की श्रीमंत, बंद टोक कोणाच्याच वाटेत येत नाही. तिथे ठरवूनच जावं लागतं.

आता भिंतीला एक दार पाडा. समजा अलीकडे नव्वद घरं आहेत, पलीकडे एकशे दहा. आणि धरून चाला, की अलीकडच्या प्रत्येक घरापासून पलीकडच्या प्रत्येक घराची जवळची वाट त्या दारातूनच जाते. जोड्या झाल्या ९,९००. शून्यावरून नऊ हजार नऊशे, आणि एक वीटही रचलेली नाही, उलट काढलीच आहे. अर्थात लोक घरातून घरात फिरत बसत नाहीत, शाळेत, बस स्टॉपवर, दवाखान्यात जातात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा गल्ल्यात उतरत नाही. पण दिशा कळते.

अंतराचा हिशेबही सांगून टाकतो. काकांच्या शटरपासून भिंतीपलीकडचं पहिलं घर सरळ रेषेत चाळीस मीटर. रस्त्याने जायचं तर आमच्या रस्त्याने बेसा रोडवर, तिथून खाली डीपी (विकास आराखड्यातल्या) रोडने आत, मग त्यांच्या ले-आऊटमधून वर. फोनवर मोजलं, पावणेदोन किलोमीटर. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने एकवीस मिनिटं. त्या घरातल्या काकू आमच्या काकूंना गच्चीवरून हाक मारून सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भाव विचारत, पण अर्धा पाव सांभार घ्यायला त्या कधी आल्या नाहीत. कशा येणार?

भगदाड

भिंत पडली ती गडर लाइनमुळे, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपामुळे. आमच्याकडची लाइन पलीकडच्या नाल्याकडे उतारानेच न्यावी लागणार होती. पाइप काही बेसा रोडवरून वळसा घालून जाऊ शकत नव्हता. ठेकेदाराच्या माणसांनी भिंतीचा चारेक फुटांचा तुकडा काढला, रिकाम्या प्लॉटच्या कडेने नाली खोदली, पाइप टाकला, माती लोटली आणि निघून गेले. भिंत पुन्हा बांधून देणं कामात धरलेलं होतं की नव्हतं यावर दोन्ही सोसायट्यांत वाद सुरू झाला. तो चालू असेपर्यंत भगदाड उघडं राहिलं.

पहिल्या आठवड्यात फक्त पोट्टे आणि कुत्री. दुसऱ्या आठवड्यात सकाळी फिरायला जाणारे रिटायर लोक. मग शाळेची मुलं, कारण पलीकडच्या मुलांना बेसा रोडवर स्कूल बससाठी जायला ही वाट कितीतरी जवळ पडली. मग 'आपली बस', म्हणजे शहर बस, पकडणाऱ्या बाया. महिनाभरात रिकाम्या प्लॉटमधून तिरपी पायवाट पडली, आणि भगदाडाच्या कडेच्या विटा हँडल घासून घासून गुळगुळीत झाल्या, कारण टू-व्हीलरवाल्यांनाही वाट सापडली होती.

काकांचा व्यवहार दोन ठिकाणी नोंदला जातो. एक उधारीची वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. दुसरं, काउंटरवरचा यूपीआयचा स्पीकर आणि त्याच्या मागे फोनमधली यादी. गंमत अशी की ही दोन वेगवेगळी दुकानं आहेत. वहीत असतात ती ठरवून येणारी घरं: महिन्याचा तांदूळ, तेलाचा डबा, तूरडाळ, पगाराला चुकता. स्पीकरवर बोलतं ते जाताजाता थांबलेलं गिऱ्हाईक: दुधाची पिशवी, ब्रेड, रिचार्ज, शॅम्पूची पुडी, पेन, बिस्किट. उधारी ओळखीवर चालते, आणि वाटसरूची ओळख नसते, म्हणून तो रोख देतो किंवा स्कॅन करतो.

भगदाडाआधी काकांचा धंदा बराचसा वहीवर उभा होता. महिन्याच्या पंधरा-वीस तारखेला गल्ला कोरडा पडायचा आणि मस्कासाथ बाजारातल्या ठोकवाल्याला पैसे द्यायची वेळही तेव्हाच यायची. एप्रिल-मेमध्ये वहीची पानं जवळजवळ तशीच राहिली. वाढलं ते सगळं स्पीकरवर. पन्नास रुपयांच्या आतली देणी पटापट वाढली. काका एक दिवस म्हणाले, "आधी माणूस घरून ठरवून निघे. आता जाताजाता थांबून राहिले. ठरवून येणारा उधार मागते, थांबणारा मागत नाही."

इतकं नेमकं मला कुठल्या पेपरात वाचायला मिळालं नाही. रस्त्याच्या जुळणीने खर्च किती होतो एवढंच बदलत नाही. खर्चाची जात बदलते, आणि त्याबरोबर दुकानदाराची महिनाअखेर बदलते. ठोकवाल्याकडे रोखीने गेलेल्या माणसाला भाव वेगळा मिळतो, हे इतवारीत माल भरणाऱ्या कोणालाही विचारा.

मी मोजलं ते असं. मे महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून कागदावर रेघा ओढल्या. ४१ गिऱ्हाइकं, त्यातली १७ भिंतीकडून आलेली. त्या सतरांत दोघांनीच पिशवी भरून सामान घेतलं, बाकीच्यांनी हातात मावेल तेवढं. एका संध्याकाळच्या रेघांवर इमला उभा करता येत नाही हे मलाही कळतं. शिवाय उन्हाळा होता. नागपूरच्या मेमध्ये कोल्ड्रिंक आणि आइसक्रीम विकायला भगदाड लागत नाही, पारा पुरतो. म्हणून मी थंड पेयं हिशेबातून काढली आणि दूध धरलं. दूध लोक उन्हाळ्यातही साधारण तेवढंच घेतात. सकाळी गाडी उतरवते ते क्रेट फेब्रुवारीत तीन होते, मेअखेर पाच. बेसा रोडवरच्या ओळखीच्या दुकानात तेवढ्याच काळात क्रेट वाढले नव्हते, उलट त्यांनी एक कमी केला होता. म्हणजे काही दूध तिकडून इकडे सरकलं होतं.

पलीकडची चक्की

भगदाडाला दोन तोंडं असतात हे मी विसरलोच होतो. पलीकडे एका बाईंचं घरगुती दुकान आहे, पोर्चमध्ये रॅक लावून केलेलं, आणि त्याला लागून पिठाची चक्की. मला वाटलं, काकांकडे आलेलं गिऱ्हाईक त्यांचंच गेलं असणार. विचारायला गेलो.

"ब्रेड माझा कमी झाला, हो," त्या म्हणाल्या. "काकांकडचा ताजा राहते, त्यांच्याकडे गाडी येते. पण तुमच्या इकडच्या बाया आता गहू घेऊन माझ्याकडे येऊन राहिल्या ना. आधी सगळ्या बेसा रोडवर जात."

आमच्या ले-आऊटमध्ये चक्की नाही. तेव्हा डब्यात गहू घेऊन बाई भगदाडातून पलीकडे, पीठ होईस्तोवर बाईंच्या रॅकवरून एखादा साबण, परत येताना काकांकडून दही. एक फेरी, दोन दुकानं. यातला बराचसा पैसा आधी बेसा रोडवर आणि रिंग रोडच्या मोठ्या मार्टमध्ये जात होता. तिथे जायला गाडी काढावी लागते, आणि गाडी काढली की माणूस मार्टमध्ये पाच गोष्टी घेऊन येतो, त्यातल्या दोन त्याला नको असतात. भगदाडाने मार्टचं महिन्याचं सामान तोडलं नाही; तेलाचा पंधरा किलोचा डबा लोक अजूनही तिथूनच आणतात. तोडला तो मधल्या आठवड्यातला विसरलेला आणि संपलेला जिन्नस. वस्तीतलं दुकान त्यावरच जगतं.

काकांचा फायदा कोणाच्या तोट्यातून आला, याचं उत्तर त्यामुळे तीन तुकड्यांत आहे. काही चक्कीवाल्या बाईंकडून आला आणि चक्कीने भरून निघाला. काही बेसा रोडच्या दुकानाकडून. आणि थोडा असा की जो आधी खर्चच होत नव्हता: मुलाने रस्त्यात थांबवून घ्यायला लावलेलं चॉकलेट, फिरून परतणाऱ्या आजोबांची पारले-जी. हा तिसरा तुकडा चांगला की वाईट, ते घरोघरच्या आईला विचारावं.

जुलैत एक धडा मिळाला. भगदाड उघडं, तरी गिऱ्हाईक निम्म्यावर. पायवाटेचा चिखल झाला होता, गडर लाइनवरची माती बसून तिथे डबकं साचलं होतं. नकाशावर जोडणी असणं वेगळं आणि चपलेला जोडणी असणं वेगळं. काकांनी स्वतःच्या पैशाने एक ट्रॉली मुरूम टाकून घेतला, दुसऱ्याच्या प्लॉटवर. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या बाया परत यायला लागल्या. दुकानाला रंग द्यायला जो माणूस तीन वर्षं टाळाटाळ करतो, त्याने रस्त्यावर खर्च केला, यावरून त्या वाटेची किंमत समजा.

नोव्हेंबर

मी दुकानाच्या बाजूने लिहितोय, पण भिंतीच्या बाजूनेही बोलायला पाहिजे. भगदाडाने आमची बंद गल्ली चालती झाली. रात्री अकराला बुलेट उडवत जाणारे आले. मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळत ती मैदानाकडे हाकलली गेली, आणि मैदानात सिमेंटच्या पोत्यांचा ढीग. भगदाडाजवळ एक पानठेला उभा राहायच्या बेतात होता, लोकांनी वेळीच हाकलला. दिवाळीआधी पलीकडच्या एका घरासमोरून गाडी चोरीला गेली. चोर भगदाडातूनच गेला हे कोणी पाहिलं नव्हतं, पण बैठकीत ते सिद्ध झाल्यासारखंच बोललं गेलं.

ज्याच्या घरासमोरून वर्दळ जाते त्याला आवाज मिळतो आणि ज्याच्या दुकानासमोरून जाते त्याला पैसे. घरं नव्वद, दुकान एक. बैठकीत हात वर झाले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भगदाड विटांनी बुजलं. काकांनी विरोध केला नाही. त्यांच्या घरासमोरचाही आवाज तोच होता आणि काकूंना बीपी आहे.

दुधाचे क्रेट परत तीनवर आले, वर पाच-सात पिशव्या जास्त. त्या पाच-सात पिशव्यांनी मला विचारात पाडलं. पलीकडची तीन घरं वळसा घालून काकांकडेच येत होती, कारण आता त्यांची नावं वहीत आली होती. वाट बंद झाली तरी ओळख शिल्लक राहिली होती. हिलियरच्या गणितात ओळखीला जागा नाही, आणि हा त्या गणिताचा मोठा उणेपणा मला वाटतो.

डिसेंबरात आरडाओरडा सुरू झाला तो शाळेच्या मुलांच्या आयांकडून, पलीकडच्यांच्या आणि आमच्याही, कारण आमच्या काही मुलांची ट्यूशन पलीकडे लागली होती. पुन्हा बैठक. तोडगा निघाला: भिंत उघडायची, पण मध्ये तीन लोखंडी पाइप रोवायचे. माणूस जाईल, सायकल आडवी करून जाईल, बुलेट जाणार नाही. जानेवारीत पाइप बसले.

पाइपांनी जो प्रयोग करून दिला तो मी पैसे देऊनही करू शकलो नसतो. टू-व्हीलर गेल्या, पायी लोक राहिले. दूध साडेचार क्रेटवर आलं, म्हणजे जवळजवळ पूर्ण परतलं. ब्रेड, बिस्किटं, वह्या-पेन परतले. जे परतलं नाही ते कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या, सिगरेट आणि रात्री नऊनंतरचं गिऱ्हाईक. याचा अर्थ दुकानाला पोसत होती ती पायाची वर्दळ, आणि गल्लीला त्रास देत होती ती गाड्यांची. दोन्ही एकाच चार फुटांतून येत असल्यामुळे बैठकीत त्यांची गल्लत झाली होती. पहिल्या बैठकीत कोणी तीन पाइपांची गोष्ट काढली असती तर दोन महिन्यांचा वळसा वाचला असता. मी स्वतः त्या बैठकीत होतो आणि मलाही ती सुचली नव्हती.

एक नमुना हल्ली रोज दिसतो. पलीकडून मोटरसायकलवर माणूस येतो, पाइपांपाशी थांबतो, इंजिन चालूच ठेवून गाडी स्टँडवर लावतो, पायी वीस पावलं येतो, दूध घेतो, जातो. काकूंनी त्यांच्यासाठी सुट्या पैशांचा डबा दाराशी आणून ठेवलाय. काकांनी भिंतीकडच्या बाजूला दुसरं छोटं शटर काढून घेतलंय. दूध आणि ब्रेड आता तिकडच्या काउंटरवर, किराणा जुन्या. वस्तीकडे तोंड उधारीचं, वाटेकडे तोंड रोखीचं.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक गृहस्थ प्लॉटचे कागद घेऊन आले. खसरा नंबर वाचला आणि ओळखलं, भिंतीसमोरचा रिकामा प्लॉट. घर बांधायचंय. मला काम आलं म्हणून मीच बसलो त्यांच्यासोबत. गडर लाइन प्लॉटच्या कडेने गेली आहे, तिच्यावर बांधता येणार नाही, तेव्हा तीन-चार फुटांची पट्टी तशीही मोकळी सुटणार, असं मी त्यांना दाखवलं. ती कंपाउंडच्या बाहेर ठेवली तर पायवाट राहील, हेही बोललो. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल माझ्या हातातून घेऊन पायवाट जिथे त्यांच्या रस्त्याला लागते त्या कोपऱ्यावर चौकोन काढला.

"इथे एक दुकान काढून दे," म्हणाले. "माणसं इथूनच जाऊन राहिली ना सगळी. मी दोन-तीनदा येऊन पाहिलं."

पट्टी चार फूट सोडली तर शटर आठ फुटांचं बसतं. पट्टी आत घेतली तर बारा. मी दोन्ही आराखडे काढून ठेवलेत. आठवाला त्यांनी पाहिला, ठेवून दिला, आणि विचारलं, बारा फुटांच्या शटरला किती खर्च येईल.